खरातच्या पुढं जायचं होतं

ग्लेशियरवर चढायचा हुकूम वाचला गेला तेव्हा पहिलं नाव खरातचं आलं आणि दुसरं माझं. हुकमाचं मला काही वाटलं नाही. फौजेत आलो म्हणजे जिथं धाडतील तिथं जायचं. पोटात दुखलं ते नावांच्या क्रमानं.

मी हवालदार भाऊसाहेब वाकळे, रिटायर्ड. गाव वेरूळच्या अलीकडं, राहायला पुंडलिकनगरात. सकाळी भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना ग्राउंडवर पळवतो आणि दिवसा चिकलठाण्यात एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून ड्यूटी करतो. शाळावाले, क्लासवाले मला अधूनमधून बोलावतात. म्हणतात, साहेब, पोरांना शिस्तीवर दोन शब्द सांगा, चांगल्या सवयी कशा लावायच्या ते सांगा. मी सांगतो. पण खरं सांगायला लागलो की बोलावणाऱ्यांची तोंडं उतरतात. मला शिस्त लागली ती देशभक्तीनं नाही आणि ट्रेनिंगच्या उस्तादाच्या शिव्यांनीही नाही. एका माणसावर जळून जळून लागली. तो माणूस म्हणजे लान्स नायक मिलिंद खरात, राहणार चिकलठाणा.

आम्ही दोघं एकाच रॅलीत भरती झालो. पळण्यात मी पहिला आलो होतो. खरात कुठंतरी मधे होता, माझ्या लक्षातही नव्हता. उंची बेताची, अंगानं किडकिडीत. ट्रेनिंग सेंटरला आमच्या खाटा शेजारी-शेजारी लागल्या आणि तिथून माझी साडेसाती सुरू झाली. मी एखाद्या दिवशी अंगात आलं की शंभर पुशअप मारायचो आणि पुढचे दोन दिवस खांदे धरून बसायचो. तो रोज वीस मारायचा. रविवारी वीस, ताप असला तरी वीस. मी बूट चमकवायचो ते इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी. त्याचे बूट कधीही बघा, सारखेच. पासिंग आउटला बेस्ट रिक्रूट म्हणून त्याचं नाव पुकारलं गेलं. मी टाळ्या वाजवल्या. हात वाजत होते, आतून मी नुसता धुमसत होतो.

पुढं पलटणीत तेच. लान्स नायकची फीत आधी त्याला लागली. मी शिपाईच. आमच्यासोबत बेग होता, नर्सिंग असिस्टंट, शहागंजकडचा. त्याला माझं दुखणं बरोबर कळलं होतं. खरातचं कुणी कौतुक केलं की हा नाक वर करून हवेत वास घ्यायचा.

"क्या वाकळे मियाँ, ये धुवाँ कां से आरा?"

सगळे हसायचे. खरातही हसायचा, आणि ते हसणं मोकळं असायचं. त्यानं मला एकदा तरी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. भांडायला कारण मिळालं असतं.

ग्लेशियरवरच्या पोस्टवर आम्ही मोजकी माणसं. फायबरची झोपडी, मधे ऊब द्यायला रॉकेलची शेगडी, म्हणजे बुखारी, चहूकडं बर्फ. सिव्हिलियन माणसाला वाटतं तिथं दुश्मनाची भीती असते. दुश्मन फार कमी दिसतो. तिथं माणसाला मारतो तो आळस. थंडीत डोकं म्हणतं, आज राहू दे. मोजे उद्या बदल, पाणी नंतर पी, दाढी कुणाला दाखवायचीय. आज राहू दे म्हणणाऱ्याची बोटं काळी पडतात आणि हेलिकॉप्टर येऊन त्याला खाली नेतं.

म्हणून तिथं बडीची पद्धत असते. दोघादोघांची जोडी. संध्याकाळी बडीनं तुमचे मोजे काढायचे, तुमचे पाय मांडीवर घ्यायचे, कोरड्या हातानं चोळायचे आणि एकेक बोट उजेडात बघायचं. मग तुम्ही त्याचे. स्वतःचं दुखणं माणूस लपवतो, म्हणून दुसऱ्यानं बघायचं. माझा बडी खरात. ज्याच्यावर मी दिवसभर जळायचो त्याचेच पाय संध्याकाळी माझ्या मांडीवर.

"वाकळे, दुसरा पाय."

"ठीक हाय तो."

"बघितल्याबिगर तुला कसं कळलं? दे इकडं."

एकही संध्याकाळ त्यानं सोडली नाही. त्याला स्वतःला डोकेदुखीनं उभं राहवत नव्हतं त्या दिवशीसुद्धा त्यानं माझी बोटं बघितली. मला राग यायचा, कारण मग मलाही त्याची बघावी लागायची.

पण माझ्या डोक्यात सगळ्यात जास्त गेली ती त्याची लाल दोरी.

बर्फ कोसळतो अशा उतारावर चालताना कमरेला एक हलकी लाल दोरी बांधायची असते. पंधरा-वीस पावलं लांब. ती मागं मोकळी सोडायची. तुम्ही बर्फाखाली गेलात तरी दोरी हलकी म्हणून तिचा काही भाग वर राहतो आणि मागच्या माणसाला तुम्ही कुठं आहात ते कळतं. गळ्यात सिग्नलचं मशीनही असायचं, पण त्यानं माणूस शोधायला वेळ लागतो, दोरी डोळ्याला दिसते. नियम असा. प्रत्यक्षात दोरी बुटांच्या खिळ्यांत अडकायची, तिच्यावर मागच्याचा पाय पडायचा, गोठून तिची काठी व्हायची. त्यामुळं सगळे तिची गुंडाळी करून खिशात घालायचे. साहेब लोक बघत असले की बाहेर, नाहीतर खिशात.

खरातची नेहमी बाहेर. पाण्यासाठी बर्फ आणायला पलीकडच्या उतारावर गेला तरी बाहेर. गाठ मारायचा, दोनदा खेचून बघायचा, मागं सोडायचा आणि चालायला लागायचा. परत आला की झटकून, सरळ करून खुंटीला. एकदा लख्ख ऊन होतं. चार दिवस बर्फाचा कणही पडला नव्हता. मी म्हणालो, "खरात, आज कशाला रे ही नाटकं?"

तो गाठ खेचत म्हणाला, "काल सोडली व्हती म्हणून."

एवढंच. मला वाटलं होतं नियम सांगेल, आई-बाप सांगेल. काल केलं म्हणून आज करायचं. दुसरं कारणच नाही.

आमचे पोस्ट कमांडर तरुण कॅप्टन होते. एका सकाळी त्यांनी आमची पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, परत येताना बघितली. आम्ही उभे राहिलो. ते शांतपणे म्हणाले, "चार आदमी, एक डोरी. बाकी तीन लोग घर नहीं जाना चाहते क्या?" मग खरातच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताकडं बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवसापासून माझीही दोरी बाहेर. जिवाच्या भीतीनं नाही. खरात एकटाच चांगला दिसू नये म्हणून.

पहिले काही दिवस दात-ओठ खात सोडली. अडकली की तिला आणि खरातला, दोघांना शिव्या. मग एक दिवस लक्षात आलं, गाठ बांधून झाली होती आणि मी बांधल्याचं मला आठवतही नव्हतं. हातांनी परस्पर उरकलं होतं. मोज्यांचं तसंच झालं, पाण्याच्या मगाचं तसंच, दाढीचंही. खरात माझ्या मागं चालताना म्हणाला, "वाकळे, तुझी दोरी आता माझ्यापेक्षा सरळ पडते." हे ऐकून मी खूश व्हायला पाहिजे होतं. मला आणखी राग आला. मोजायची पट्टी त्याचीच होती ना.

मला एक गोष्ट पाहिजे होती. लीड. आमच्या पोस्टवरून खालच्या डंपपर्यंत, म्हणजे सामानाच्या साठ्यापर्यंत, पेट्रोल जायची, रॉकेलचे जेरीकॅन आणि रेशन आणायला. पुढं चालणारा माणूस वाट ठरवतो, काठीनं बर्फ टोचत भेगा शोधतो. बाकीचे त्याच्या पावलावर पाऊल ठेवतात. लीड खरातकडं होता. एकदा तरी तो माझ्या मागं, माझ्या पावलात पाऊल टाकत चालावा, एवढंच माझं मागणं. मी नायब सुभेदार चव्हाण साहेबांकडं गेलो. सरळ म्हणालो, "साहेब, लीड मला द्या."

साहेबांची वीसेक वर्षं नोकरी झालेली. ते म्हणाले, "खरातला विचार."

खरातला विचारायचं म्हणजे जिवावर आलं. तरी विचारलं. तो बुखारीजवळ बसून मोजे वाळवत होता.

"घे की," तो म्हणाला. "सोमवारपासून तू. तवर माझ्या मागं दोन नंबरला चाल आन् वाट बघून ठेव."

इतक्या सहज. मला ते त्याच्याकडून हिसकावून घ्यायचं होतं आणि त्यानं ते चिमूटभर साखर द्यावी तसं दिलं. त्या रात्री मी त्याच्याशी बोललो नाही.

दोन दिवस बर्फ पडला. तिसऱ्या दिवशी उघडलं. शनिवार होता. सकाळी आठच्या सुमारास पेट्रोल निघाली. खरात, मी, बेग, शेवटी चव्हाण साहेब. साहेबांनी वायरलेस सेटवर पोस्टला कळवलं.

"टायगर, टायगर. पेट्रोल रवाना, चार आदमी. ओव्हर."

"टायगर. रवाना. ढलान पे ध्यान रखना. ओव्हर."

"रॉजर. आउट."

डंपच्या अलीकडं एक मोठा उतार आडवा पार करावा लागतो. तिथं एकमेकांना बांधलेला जाडा रोप सोडायचा, म्हणजे एक गेला तर सगळे जात नाहीत. एकेकानं अंतर ठेवून जायचं. खरातनं गाठ खेचली, दोरी सोडली आणि निघाला. तो अर्ध्यात पोचल्यावर साहेबांनी मला हात केला. मीही गाठ खेचली, दोरी सोडली, निघालो. बेग आणि साहेब अलीकडं खडकाजवळ थांबले.

वरून आवाज आला. ट्रकचा फाळका पडावा तसा, एकदाच. खरातनं मान वर केली, मग माझ्याकडं वळला आणि ओरडला, "वाकळे, पोहत ऱ्हा!"

बर्फात सापडलं तर हातपाय मारत वर राहायचं असतं, हे शिकवलेलं होतं. मी हातपाय मारले. मग सगळं पांढरं झालं आणि मग काळं. थांबलो तेव्हा मान हलत नव्हती. एक हात तोंडापुढं अडकला होता, तेवढीच श्वासाला जागा. तुम्ही विचाराल, तेव्हा काय आठवलं. आई आठवली नाही. मला वाटलं, हा गडी नक्की वर राहिला असणार. आता हाच मला उकरून काढणार आणि आयुष्यभर मला त्याचे उपकार मानावे लागणार. खरं सांगतो, बर्फाखाली पडल्या-पडल्या मी खरातवर जळत होतो.

उजेड आला तेव्हा वर बेगचं तोंड होतं.

"बोल. कुछ तो बोल, वाकळे."

"खरात?"

त्यानं माझी छाती मोकळी केली, फावडं उचललं आणि उताराच्या खालच्या बाजूला पळाला. मी कमरेपर्यंत बर्फात रुतलेला, तिथूनच बघत होतो. खाली चव्हाण साहेब दोन्ही हातांनी उकरत होते. त्यांच्याजवळ लाल दोरी दिसत होती, वावभर, बर्फावर स्वच्छ पडलेली.

इथं एक गोष्ट समजून घ्या. दोरी दिसली की आधी ती ओढायची असते. ताणली गेली तर माणूस त्याच जागी खाली आहे. सैल हातात आली तर दोरी तुटलेली आहे, माणूस दुसरीकडं. बेगनं माझी दोरी आधी ओढली होती. नंतर त्यानं मला तोंडावर सांगितलं, तेरा भरोसा नहीं था, कभी जेब में, कभी बाहर. ताणली गेली म्हणून त्यानं उकरलं. खरातची दोरी मात्र कुणीच ओढून बघितली नाही. चव्हाण साहेबांनी कितीतरी माणसं बर्फातून काढलेली होती. पण ती दोरी खरातची होती. ज्या माणसाची गाठ कधी सैल नसते, ज्याची दोरी रोज झटकून, तपासून खुंटीला असते, त्याची दोरी दिसली म्हणजे खाली खरात आहे. ह्यात बघायचं काय? त्यांनी थेट उकरायला घेतलं.

बरंच खाली गेल्यावर तिचं टोक हाती आलं. खडकाच्या धारेवर घासून तुटलेलं. गाठीचा त्यात काही दोष नव्हता.

मग मशीन काढलं. सिग्नल आला तो पार पलीकडून. मी तोवर कसाबसा निघालो होतो, गुडघ्यांवर सरकत तिथं पोचलो. तिघांनी उकरलं. खरात उताणा होता, डोळे मिटलेले. बेगनं छाती दाबायला सुरुवात केली. दाबतच राहिला. शेवटी साहेबांनी त्याच्या मनगटाला धरलं, तेव्हा थांबला.

"टायगर, टायगर. बर्फ आया. दो आदमी दबे. एक सही. एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"टायगर. कॅज्युअल्टी का नाम बताओ. ओव्हर."

"लान्स नायक खरात."



"नाम दोबारा बोलो. ओव्हर."

"खरात," साहेब म्हणाले, आणि ओव्हर म्हणायचं विसरले.

डॉक्टरांनी पुढं सांगितलं, तो फार खोल होता, आधी सापडला असता तरी काही सांगता येत नाही. साहेबांना कुणी दोष दिला नाही. ते मला हॉस्पिटलमधे भेटायला आले तेव्हा एवढंच म्हणाले, "वाकळे, खरातची दोरी होती रे. शंका कुणाला येणार?" मी म्हणालो, "नाय येणार, साहेब." मीही ओढून बघितली नसती.

त्याच्या अंत्ययात्रेला मला जाता आलं नाही. माझे हात-पाय पट्ट्यांत होते. बेगनं फोनवर सांगितलं, विमानतळापासून माणसंच माणसं, जालना रोडवर पाय ठेवायला जागा नव्हती. ते ऐकताना मला रडू येत होतं आणि त्याच वेळी वाटत होतं, बघा, इथंही हाच पुढं. मेलेल्या माणसावर जळणारा मी पहिलाच असेन.

बोटं बरी झाली. पुढं नायक झालो, हवालदार झालो, कुठं-कुठं लीड केलं. खरातच्या सवयी मात्र सुटल्या नाहीत. पेन्शनवर येऊनही पहाटे उठतो, अंथरुणाची घडी घालतो, दाढी करतो, बूट पुसून मगच चहा घेतो. पोरांना ग्राउंडवर तेच सांगतो. मूड यायची वाट बघू नका. रोज थोडं करा आणि का केलं विचारलं तर म्हणा, काल केलं होतं म्हणून.

एकदा एका पोरीनं पळून झाल्यावर धापा टाकत विचारलं, "सर, पण त्या खरात सरांना सवयीचा काय उपयोग झाला?"

चांगला प्रश्न होता. मी म्हणालो, "मला नाही माहीत. दोन्ही दोऱ्या एकाच बंडलातल्या होत्या. माझी टिकली. मी नुसता जळून बांधत होतो, तो मनापासून बांधत होता. ह्याचा हिशेब मला आजवर लागला नाही. चल, दुसरा राउंड मार." ती पळाली.

दर वर्षी खरात गेला त्या तारखेला मी चिकलठाण्याला त्याच्या घरी जातो. संगीता वहिनी अंगणवाडीत शिकवतात. भिंतीवर बुद्ध आहेत, बाबासाहेब आहेत आणि खाली युनिफॉर्मातला खरात. गेल्या वर्षी पहिल्यांदाच मी मंदाला, माझ्या बायकोला, सोबत नेलं. जय भीम झालं, चहा झाला, आणि मंदाला बोलायला माणूस मिळालं.

"वहिनी, तुम्हाला सांगते, वैताग आलाय मला ह्या माणसाचा. पहाटे पाचला उठवतात. चादरीची घडी कोपऱ्याला कोपरा लावून. कपाटातले डबेसुद्धा रांगेत. म्हणतात, खरात असा होता, खरात तसा होता. मी म्हणते, सगळं त्या खरातभाऊजींमुळं."

वहिनी फोटोकडं बघून मोठ्यानं हसल्या. "ह्यांची शिस्त? ताई, सुट्टीवर आले की नऊ वाजेपर्यंत झोपायचे. मी पाणी मारलं तरी उठायचे नाय. टॉवेल ओला, पलंगावर. मी रोज ओरडायची. रोज."

मी कप खाली ठेवला. इतकी वर्षं मी ज्या माणसामागं धावलो तो घरी नऊपर्यंत घोरत होता, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही हसलो.

हसता-हसता वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग मंदाकडं बघून म्हणाल्या, "ताई, राग धरू नका. खोटं बोलत नाय मी. तुम्ही आता तक्रार करीत व्हता ना, तवा माझा लई जळफळाट झाला. भाऊ बर्फातून जिते घरी आले म्हणून नाय. ते आले ते बरंच झालं. पण तुम्हाला ओरडायला माणूस हाय. माझं ओरडणं तसंच राहिलंय घशात."

 मला कळलं. जळणं म्हणजे काय ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण कुणीतरी माझ्या घरावर जळावं, असं माझ्याजवळ काही आहे, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. खरातकडं नसलेली एक गोष्ट माझ्याकडं होती, आणि ती त्याच्या फोटोपुढं बसून मला धड मिरवताही येत नव्हती. मंदा उठून वहिनींच्या शेजारी जाऊन बसली. पुढं दोघी बराच वेळ अंगणवाडीबद्दल बोलल्या.

निघताना वहिनी दारापर्यंत आल्या. मंदाचा हात धरून म्हणाल्या, "उद्या पण ओरडा ह्यांच्यावर. एकदा तुमचं, एकदा माझ्या वाटचं."

तेव्हापासून मंदा पहाटे दोनदा ओरडते. पहिल्यांदा माझ्या नावानं, दुसऱ्यांदा मिलिंद खरातच्या. दुसऱ्या वेळी तिचा आवाज मऊ असतो, आणि मी अंथरुणाची घडी घालता-घालता तिथंही जळतो.